गाडी विकली, आणि आता घेणारा म्हणतोय 'फसवलंत': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ये डीलर नसताना घरची गाडी विकली की चावी, पेढे आणि बॉनेटसमोरचा फोटो इथवर सगळं गोड असतं. तक्रारीचा फोन त्यानंतर येतो. मी वकील नाही. ठाण्यात राहतो, घरच्या तीन गाड्या विकल्यात आणि सोसायटीतल्या, नात्यातल्या बऱ्याच व्यवहारांत मध्यस्थ म्हणून बसलोय. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच खाली आहेत. लिहिलंय विकणाऱ्याच्या बाजूने, पण जिथे चूक विकणाऱ्याची असते तिथे तसंच म्हटलंय.

गाडी देऊन तीनच दिवस झाले. फोन आला, 'इंजिन गेलं, पैसे परत करा.' आधी काय करू?

पूर्ण ऐकून घ्या आणि पैशांचा विषय त्या फोनवर काढूच नका. 'बघू काहीतरी', 'अर्धे मी देतो' असली वाक्यं घाबरून तोंडातून जातात आणि मग तीच शेवटपर्यंत आपल्यासमोर धरली जातात. उलट 'एकदा विकली की माझा संबंध संपला' असं तोडून टाकलंत, तर ज्या माणसाला फक्त धीर हवा होता तो दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन दारात उभा राहतो.

विचारायचं ते नेमकं विचारा. काय झालं, कुठे झालं, आत्ता मीटरवर आकडा किती, डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला, गाडी कुठे उभी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणी काही खोललं आहे का. खोललं नसेल तर सांगा, 'मी येतो, तोवर खोलू देऊ नका.' फोन ठेवल्यावर हेच दोन ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे दिवस आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

मग खरंच जा. माझी जुनी सेडान कामोठ्याच्या एका मुलाने घेतली होती. चौथ्या दिवशी घोडबंदर रोडला गायमुखच्या कोंडीत एसी लावून तासभर अडकला आणि तापमानाचा काटा वर गेला. जवळच्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडून निदान केलं: हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. मुलगा रडवेला. मी माझ्या मिस्त्रीला मागे बसवून गेलो. रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता, रिले उडाला होता. काही शे रुपयांत काम झालं, तेवढे मी दिले आणि त्या मुलाचा दिवाळीला अजून मेसेज येतो. गेलो नसतो तर आम्ही दोघं हेड गॅस्केटवरून भांडत बसलो असतो, जे गेलंच नव्हतं.

कायद्याने मला जुन्या गाडीवर वॉरंटी द्यावी लागते का?

दर्जाची वॉरंटी आपोआप लागत नाही. वस्तू विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 ची सुरुवातच अशी आहे की विकलेल्या वस्तूच्या दर्जाबद्दल कोणतीही गृहीत हमी नसते, आणि मग अपवाद येतात. मुख्य अपवाद त्या मालाचा धंदा करणाऱ्यांसाठी आहेत. तुम्ही बँकेत नोकरी करता आणि आठ वर्षं वापरलेली गाडी विकली, म्हणून तुम्ही गाड्यांचे व्यापारी होत नाही. शिवाय घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर गृहीत हमीच्या नावाने काढता येत नाही, असंही तिथे आहे.

मालकीचं मात्र वेगळं आहे. त्याच कायद्याचं कलम 14 म्हणतं की गाडी विकण्याचा हक्क तुमच्याकडे असला पाहिजे आणि तिच्यावर न सांगितलेला बोजा नसला पाहिजे. कर्ज फेडलं पण आरसीवरचा बँकेचा बोजा काढलाच नाही, हे आपल्याकडे घरोघरी असतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन तो काढायचा असतो. तो राहिला म्हणून ट्रान्सफर अडली, तर तक्रार रास्त आहे आणि धावपळ तुम्हीच करायची.

आणि जे तुम्ही तोंडाने किंवा लेखी सांगितलं ते तुम्हाला बांधतं. त्याला वॉरंटीचा कागद लागत नाही.

तो म्हणतो, 'तुम्ही लपवलंत'. मी खोटं काहीच बोललो नव्हतो, फक्त सांगितलं नाही.

इथे भारतीय करार अधिनियम, 1872 मधला घोडा वाचण्यासारखा आहे. कलम 17 खाली उदाहरणं दिली आहेत. एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निकोप आहे असं मी समजेन,' आणि विकणारा गप्प राहतो. तिथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

दीडशे वर्षांनी घोड्याच्या जागी हॅचबॅक आली, बाकी तसंच आहे. घेणाऱ्याने काही विचारलं नाही आणि तुम्ही नुसते गप्प राहिलात, तर तेवढ्यानेच ती फसवणूक ठरत नाही. त्याने 'काका, अपघात वगैरे काही नाही ना?' असं विचारलं आणि तुम्ही चहाचा कप उचललात, तर तिसरा घोडा तुमचाच. आणि दोष झाकण्यासाठी काही केलंत तर प्रश्नच मिटला. इंजिनचा इशारा देणारा दिवा बिघाडाचा कोड पुसून तात्पुरता घालवणं, तेलगळती दाखवायच्या आदल्या दिवशी धुऊन काढणं, गिअरबॉक्सचा आवाज दाबायला घट्ट तेल भरणं, ही नुसती चुप्पी नाही. कायद्याच्या भाषेत ते सक्रिय लपवणं आहे आणि ते थेट फसवणुकीत मोडतं.

घेणाऱ्याने स्वतःचा मिस्त्री आणून गाडी पाहिली असेल तर त्या दिवसाचा मेसेज किंवा फोटो सांभाळून ठेवा. साध्या काळजीने जे कळलं असतं ते न पाहता घेतलं, तर नंतर नुसत्या चुप्पीच्या किंवा चुकीच्या माहितीच्या जोरावर करार मोडायला अडचण येते. पण तुम्ही ठासून खोटं सांगितलं असेल, तर 'त्याने तपासायला हवं होतं' ही ढाल चालत नाही.

जाहिरातीत मी 'एक नंबर कंडिशन, एका हाताने वापरलेली, एक रुपयाचं काम नाही' असं लिहिलं होतं.

'एक नंबर कंडिशन' ही विकणाऱ्याची नेहमीची फुशारकी आहे, तिच्यावर कोणी फारसं टेकत नाही. 'एका हाताने वापरलेली' हे मात्र विधान आहे. तुम्ही दुसरे मालक असाल तर ते आरसीवरच दिसतं. 'एक रुपयाचं काम नाही' हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण आठ वर्षांच्या गाडीत एक रुपयाचं तरी काम असतंच. जाहिरात काढून टाकण्याआधी तिचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा. समोरच्याकडे तो आहेच असं धरून चाला.

कुठली तक्रार झिजेची आणि कुठली खऱ्या दोषाची, हे कसं ओळखायचं?

ठाणे-बेलापूर रोडवर रोज ऑफिसला गेलेल्या गाडीची क्लच प्लेट झिजणारच. अर्धा पाय क्लचवर ठेवून माणसं ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत जातात. नवीन मालकाची चालवायची पद्धत वेगळी असते, आणि नवशिक्याच्या हातात काठावरची प्लेट आठवड्यातच जळते. बॅटरी तीन-चार वर्षांनी मान टाकते. टायर, वायपर, ब्रेक पॅड, लिंक रॉड, सस्पेन्शनचे बुश ही सगळी संपणारीच सामग्री. आपल्या रस्त्यांवर एका पावसाळ्यात बुश खडखडायला लागतात. यातलं काही डिलिव्हरीनंतर गेलं तर त्यात विकणाऱ्याचा दोष नाही, असं मी शांतपणे पण स्पष्ट सांगतो.

एसी मधला आहे. गॅस कमी होणं ही किरकोळ बाब. पण तुम्ही विकण्याच्या आदल्या दिवशी गॅस भरून घेतला आणि कंडेन्सर गळका आहे हे मिस्त्रीने तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, तर ती झीज म्हणून खपवू नका.

खरी बाब इंजिन आणि गिअरबॉक्सची. कूलंट सतत कमी होणं, तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा थर, थंड गाडी सुरू करताना निळा धूर, तिसऱ्या गिअरमधून गिअर सुटणं. हे एका रात्रीत होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत असं काही दिसलं तर स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, मला हे दिसत होतं का? दर महिन्याला कूलंट टाकत होतात ना? मग उत्तर तुम्हालाच माहीत आहे.

उलटही असतं. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेल्यावरही घरी पोहोचायचंच म्हणून दहा किलोमीटर रेटली, तर पन्नास रुपयांचा फुटका पाइप इंजिन घेऊन जातो. म्हणून त्या पहिल्या फोनवर 'दिवा कधी लागला आणि त्यानंतर किती चालवली' हे विचारायचं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर त्या वेळचं तापमान, वेग अशी नोंदही सापडते. स्कॅन गाडी खोलण्याआधी करून घ्या, दोघांसमोर.

भिवंडीच्या पाण्यात अर्धी बुडाली होती, पण नंतर नीट चालत होती. सांगायला हवं होतं का?

हो. चाकाच्या वर पाणी आलं असेल तर वायरिंगचे कनेक्टर पुढे वर्षभर हळूहळू गंजत राहतात आणि मग कधी पॉवर विंडो, कधी एअरबॅगचा दिवा, असं सुरू होतं. सीटबेल्ट पूर्ण ओढला की पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते, कार्पेटखाली वास राहतो. विम्याचा दावा केला असेल तर त्याची नोंदही आहेच. विचारल्यावर 'नाही' म्हणाला असाल तर या तक्रारीत मी तुमची बाजू घेणार नाही. बसून मिटवा.

मीटर मागे फिरवल्याचा आरोप आहे.

स्वतः फिरवला नसेल तर घाबरू नका, पण नुसतं 'देवाशपथ' म्हणून भागत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसला आकडा नोंदला जातो. त्या नोंदी मागवा, सोबत पीयूसी काढल्याचे आणि टायर बदलल्याचे कागद लावा. तुम्ही दुसरे मालक असाल आणि काळं पहिल्याने केलं असेल, तर तुम्ही घेतली त्या दिवशीचा आकडा दाखवता आला पाहिजे. स्वतः फिरवला असेल तर हे पान तुमच्या उपयोगाचं नाही.

तो आरसी ट्रान्सफरच करत नाही. म्हणतो, 'आधी दुरुस्तीचे पैसे, मग सही.'

इतर सगळे प्रश्न पैशांचे आहेत. हा त्याहून मोठा आहे, आणि बहुतेक विकणारे नेमक्या याच प्रश्नाकडे दुर्लक्ष करतात कारण गॅरेजच्या बिलावरून भांडणं जास्त सोपं वाटतं.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच अगदी स्पष्ट केलं. त्यात मूळ मालकाने 2007 मध्ये गाडी विकली होती, ती पुढे आणखी काही हातांत गेली, 2009 मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच होतं. नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली गेली. तुम्ही ठाण्यात झोपलेले असाल, गाडी खारघरच्या सिग्नलवर कोणाला उडवेल, आणि समन्स तुमच्या दारात येईल. म्हणजे आरसी अडवून तो तुमचीच मान पकडून ठेवतो.

त्याच्यावर विसंबून न राहता आपल्या हातातलं करा. कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने 14 दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं असतं, ते फॉर्म 29 वर. घेणाऱ्याला अर्जासाठी 30 दिवस असतात, तो फॉर्म 30. आपल्याकडे सगळे फॉर्म सही करून घेणाऱ्याच्या हातात देतात आणि 'तू करून घे' म्हणतात. तसं करू नका. गाडी एमएच 04 असेल तर ठाण्याच्या, एमएच 43 असेल तर नवी मुंबईच्या, एमएच 05 असेल तर कल्याणच्या कार्यालयाला, म्हणजे जिथे नोंदणी आहे तिथे, फॉर्म 29 स्वतः पोहोचवा आणि पोच घ्या. जाता येत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. मुदत उलटून गेली असली तरी पाठवा. सोबत डिलिव्हरी नोटची (गाडी ताब्यात दिल्याच्या सह्यांच्या कागदाची) प्रत, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि पैसे मिळाल्याचा बँकेचा उतारा जोडा. याने नाव बदलत नाही. पण तुम्ही कळवलं होतं आणि कधी कळवलं होतं, हे कागदावर येतं.

मग घेणाऱ्याला लेखी सांगा की दुरुस्तीची तक्रार आणि ट्रान्सफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तक्रारीवर बोलायला मी तयार आहे, ट्रान्सफर मात्र या तारखेपर्यंत झालीच पाहिजे. पैसे देऊन मिटवायचं ठरलंच तर तो पैसा ट्रान्सफरला बांधा: अर्ज भरल्याची पावती दाखवली की रक्कम. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी उलट्या क्रमाने केलं, आधी पैसे दिले. ट्रान्सफर पुढे सात महिने झाली नाही आणि सायन-पनवेल महामार्गावरच्या वेगाची चलानं त्यांच्या मोबाइलवर येत राहिली.

मी तर गाडी एजंटला दिली होती, घेणाऱ्याला पाहिलंही नाही. तक्रार माझ्याकडे का?

कारण आरसीवर अजून तुमचं नाव आहे आणि एजंटने तुमचा नंबर देऊन हात झटकले आहेत. कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गाडी महिनोन्‌महिने फिरवायची, हा जुना धंदा आहे. 1 एप्रिल 2023 पासून नियम बदलले. नोंदणीकृत गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला आता आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी वर ऑनलाइन द्यायची असते. ती दिली की गाडीची जबाबदारी त्या डीलरवर येते. तुमच्या एजंटकडे अधिकारपत्र आहे का, एवढं विचारून पाहा. चेहऱ्यावरच कळतं.

चलानं आणि टोल माझ्याच खात्यातून जातायत.

चलानावर मिनिटापर्यंत वेळ असते, म्हणून डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहायची. 'रविवारी संध्याकाळी' नव्हे, '6 वाजून 40 मिनिटं'. त्या वेळेनंतरची चलानं घेणाऱ्याला फोटोसकट पाठवा, आधीची आपली निमूटपणे भरा. महाट्रॅफिक अ‍ॅपवर चलानाबाबत तक्रारही नोंदवता येते.

फास्टॅग तुमच्या केवायसीवर आहे, तो बँकेत सांगून बंद करा. ऑक्टोबर 2024 पासून ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल गेला, त्यामुळे आपला टॅग अजून जिवंत आहे हे लवकर लक्षातच येत नाही. घेणारा पुण्याला निघाला की खालापूरला कळतं.

विम्याचं काय? तो म्हणतो तुमची पॉलिसी चालू आहे म्हणून गाडी घेतली.

गाडी हस्तांतरित झाली की तृतीय पक्षाचं, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं, संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर जातं, पण नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. तोवर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो, आणि मग राग तुमच्यावर निघतो. नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. त्याचं प्रमाणपत्र घ्या, तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला वापरता येतं. नाव बदलताना त्या सवलतीचा फरक कंपनी घेणाऱ्याकडून वसूल करते. हे आधी सांगितलं नसेल तर निम्म्या तक्रारी याच दोन-चार हजारांवरून सुरू होतात.

सरळ गाडी परत घेऊन टाकू का? डोक्याला ताप नको.

मोह होतो, मलाही एकदा झाला होता. पण आधी तीन गोष्टी पाहा. ट्रान्सफर झाली असेल तर परत घेणं म्हणजे नवी खरेदी. पुन्हा फॉर्म, पुन्हा फी, आणि आरसीवर तुम्ही आता पुढचे मालक, म्हणजे परत विकताना भाव उतरलेला. दुसरं, मधल्या दिवसांत तिने काय काय सोसलं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून आता तपासणी तुम्ही करायची. तिसरं, त्याने इंजिन आधीच खोललं असेल तर तुम्ही दिलेली गाडी आणि परत येणारी गाडी एक नाही.

ट्रान्सफर झालेली नाही, गाडी जेमतेम शंभर किलोमीटर चालली आहे आणि दोष खरंच आधीपासूनचा आहे, अशा वेळी परत घेणं मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. पैसे बँकेतूनच द्या, दोन्ही चाव्या आणि सगळे सही केलेले फॉर्म परत घ्या, आणि मीटरचा फोटो काढा.

थोडे पैसे देऊन मिटवायचं असेल तर किती द्यावे?

ठरलेला दर नाही. मी विचार असा करतो: हे काम मला आधी माहीत असतं तर भाव करताना मी किती कमी केले असते? तेवढे. नवा कोरा पार्ट टाकल्याचं पूर्ण बिल कोणी तुमच्यापुढे ठेवेल, पण आठ वर्षांच्या गाडीत नवं क्लच बसलं तर पुढची पाच वर्षं मजा तोच करणार आहे. बिल दोन गॅरेजचं मागा. वागळे इस्टेटमधला एक आकडा आणि तुर्भ्यातला दुसरा यांत केवढा फरक निघतो ते पाहून दोघंही नरम येतात. शक्य असेल तर रोख त्याच्या हातात न देता थेट गॅरेजला द्या.

आणि कागद करा. 500 रुपयांच्या स्टँप पेपरवर साधं मराठी चालतं: अमुक क्रमांकाची गाडी, अमुक तारखेला विकली, तक्रार अशी, चूक मान्य न करता केवळ सलोख्यासाठी एवढी रक्कम दिली, ती मिळाली, यापुढे गाडीच्या स्थितीबाबत कोणतीही मागणी नाही. 'चूक मान्य न करता' हे शब्द विसरू नका. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. 'अहो विश्वास आहे ना' असं म्हणून जो कागद टाळतो तोच महिन्याभराने एसीबद्दल फोन करतो.

त्याने शिल्लक रकमेचा चेक दिला होता. आता तक्रार काढून बँकेत पेमेंट थांबवलं.

चेक न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, त्यानंतर त्याला 15 दिवस मिळतात, आणि त्यातही दिलं नाही तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम 138 खाली कोर्टात तक्रार. पेमेंट थांबवलं म्हणून तो सुटत नाही. या मुदती हुकल्या की हुकल्या, तेव्हा इथे वकील लगेच गाठा.

'ग्राहक मंचात खेचतो' म्हणतोय.

नाव आता जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याकडून माल घेणाऱ्या ग्राहकासाठी आहे. स्वतःच्या वापरातली एखादी गाडी विकणारा माणूस सहसा त्यात बसत नाही. वर्षाला चार-पाच गाड्या घेऊन विकत असाल तर ही बचावाची भिंत पातळ होते. काहीही असो, आयोगाची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. म्हणणं मांडायला 30 दिवस, फार तर आणखी 15. ते संपले तर तुमची बाजू चांगली असूनही ऐकली जाणार नाही. दिवाणी दावा मात्र तो करू शकतो, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

पोलिस ठाण्यातून फोन आला.

जा, कागद घेऊन जा, उद्धटपणा नको. गाडी बिघडली हा दिवाणी वाद आहे, आणि बहुतेक ठिकाणी दोघांचं ऐकून तसंच सांगून पाठवतात. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता असा आरोप असेल तर गोष्ट वेगळी. ते कलम पूर्वी 420 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 आहे. खोटा आरसी, बदललेला चासी नंबर, फिरवलेला मीटर यात ते येऊ शकतं. पोलिस ठाण्यात बसून घाईघाईत 'पैसे देतो' असं लिहून देऊ नका. वेळ मागा, वकिलाशी बोला.

तो माणसं घेऊन सोसायटीत येतो, गेटवर आरडाओरडा करतो.

वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा, सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं म्हणून सेक्रेटरींना लगेच लेखी सांगून ते काढून घ्या. त्याला एकच मेसेज: बोलणं लेखी किंवा ठरवून, घरी नको. धमकी दिली तर जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या, किमान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून तिची प्रत घ्या. घरी आई-वडील एकटे असतील तर त्यांनाही सांगून ठेवा की दारात कोणाशी काही कबूल करायचं नाही. एका काकूंनी असंच घाबरून पंधरा हजार देऊन टाकले होते. मुलाला संध्याकाळी कळलं.

वकिलाची नोटीस आली. 15 दिवसांत उत्तर द्या म्हणतेय.

ती मुदत त्या वकिलाने घातलेली असते, कायद्याने नाही. तरीही तिच्या आत उत्तर द्या. आपल्याकडे 'नोटीस घेतलीच नाही' यात लोकांना मोठी हुशारी वाटते. प्रत्यक्षात न दिलेलं उत्तर पुढे कोर्टात तुमच्याच विरुद्ध वाचलं जातं. उत्तर छोटं असू द्या: तारखा, तपासणी कोणी केली, काय सांगितलं होतं, गाडी किती चालली, ट्रान्सफर का रखडली. त्यात त्याच्या घराण्यावर टिप्पणी नको.

रक्कम लाखभराच्या आत असेल तर दोघांनी दावापूर्व प्रकरण म्हणून ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्याचा प्रस्ताव उत्तरातच ठेवा. लोक अदालतीत कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि अपील नाही. तिथल्या बाकावर तासभर शेजारी बसल्यावर माणसं आपसांत मिटवतात, हे मी पाहिलंय.

कागद किती काळ सांभाळू?

डिलिव्हरी नोट, फॉर्म 29 ची पोच, पैसे आल्याचा उतारा, चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि सर्व्हिसच्या नोंदी किमान चार वर्षं. तीन नव्हे चार, कारण फसवणुकीचा आरोप असेल तर मुदत ती उघडकीस आल्यापासून मोजली जाते. फोन बदललात तर चॅटचा बॅकअप आधी घ्या. आणि परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर दर महिन्याला आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून बघत राहा. मालकाच्या नावातली अक्षरं बदललेली दिसली की त्या दिवशी स्क्रीनशॉट काढा आणि ती फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाका.